स्टीव्हन्स खरं कधी बोलतो? ‘द रिमेन्स ऑफ द डे’ वाचताना

मार्च १९२३. डार्लिंग्टन हॉल या इंग्लिश हवेलीत एक गुप्त परिषद चालू आहे आणि युरोपभरचे मातब्बर पाहुणे जमले आहेत. वर, नोकरांच्या मजल्यावरच्या एका खोलीत हवेलीतला एक म्हातारा नोकर शेवटच्या घटका मोजतोय. त्याचा मुलगा खाली पाहुण्यांच्या ग्लासात पोर्ट वाइन ओततोय. हा मुलगा म्हणजे हवेलीचा बटलर स्टीव्हन्स, आणि गोष्ट सांगणाराही तोच. त्या रात्रीबद्दल तो काय सांगतो? फ्रान्सहून आलेल्या द्युपाँ साहेबांचे पाय फार दुखत होते. एका तरुण पाहुण्याला माशांविषयी बोलायचं होतं. दिवाणखान्यात सगळे खुशीत होते. आणि मग मालक जवळ येऊन विचारतात, “स्टीव्हन्स, बरा आहेस ना? रडतोयस की काय?” स्टीव्हन्स हसतो, रुमाल काढून चेहरा पुसतो आणि म्हणतो, “माफ करा सर. दिवसभराची दगदग.”

आपण रडत होतो हे त्याने आपल्याला सांगितलेलं नाही. पुढेही तो सांगत नाही. आपल्याला कळतं ते मालकाच्या तोंडून, आणि तेही स्टीव्हन्सने ते वाक्य प्रामाणिकपणे नोंदवलं म्हणून.

काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’ ही कादंबरी कशी वाचायची, हे या एका प्रसंगात आलं आहे. “भावना दाबून ठेवणाऱ्या बटलरची गोष्ट” अशी तिची ओळख करून दिली जाते. ती चूक नाही, पण अपुरी आहे. या पुस्तकात भावना ओतप्रोत भरलेल्या आहेत. फक्त निवेदक बोट दाखवतो तिथे त्या नसतात. दुसरं कुणी त्याला काय विचारतं, तो कुठे घाईने विषय बदलतो, कुठल्या आठवणीत त्याची गडबड होते, तिथे त्या सापडतात. समीक्षक अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा: सांगणाऱ्याचं सगळं खरं धरून चालायचं नाही. मात्र स्टीव्हन्स थापाड्या नाही. आपल्याला फसवण्यात त्याला रस नाही. तो स्वतःला फसवतोय, आणि आपण त्याच्या खांद्यावरून ते वाचतोय.

आधी कथानक, कारण ते थोडक्यात सांगून होतं. साल १९५६, महिना जुलै. लॉर्ड डार्लिंग्टन वारले आहेत आणि हवेली फॅराडे नावाच्या अमेरिकन माणसाने विकत घेतली आहे. एके काळी जिथे २८ नोकर राबायचे तिथे आता स्टीव्हन्ससकट चार जण सगळं रेटतात. नवे मालक उदारपणे म्हणतात, माझी फोर्ड घे, चार दिवस फिरून ये. स्टीव्हन्स इंग्लंडच्या नैऋत्येकडे, कॉर्नवॉलपर्यंत निघतो. वीस वर्षांपूर्वी हवेलीत हाउसकीपर असलेली मिस केंटन तिकडे राहते. तिचं आता लग्न झालंय, ती मिसेस बेन आहे, पण स्टीव्हन्स मनात तिला मिस केंटनच म्हणतो. तिचं पत्र आलंय. त्याच्या मते ती परत कामावर यायला उत्सुक आहे आणि नोकरांची वाटणी नीट बसवायला तिच्यासारखी अनुभवी बाई हवीच आहे. म्हणजे प्रवास कामाचा. हे कामाचं कारण तो आपल्याला इतक्यांदा पटवतो की तिसऱ्या वेळी आपण सावध होतो. वाटेत तो ते पत्र पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी कबूल करतो की परत यायचंय असं तिने कुठे स्पष्ट लिहिलेलं नाही.

गाडी पुढे जाते तसा तो मागे जातो, १९२० आणि १९३० च्या दशकांत. कादंबरी म्हणजे या आठवणी.

वाघ आणि टेबल

स्टीव्हन्सला एक प्रश्न छळतो: थोर बटलर कोणाला म्हणावं? पहिल्याच दिवशी सॉल्सबरीत मुक्कामाला असताना तो इंग्लंडच्या निसर्गाची थोरवी सांगू लागतो. आफ्रिकेत, अमेरिकेत डोळे दिपवणारी दृश्यं असतील, पण आमचा देश थोर आहे कारण तो भपका करत नाही, स्वतःला आवरून धरतो. आणि एका दमात तो निसर्गावरून बटलरवर येतो. थोर बटलरकडे आब हवा. कितीही मोठा धक्का बसो, बटलरने आपलं बटलरपण अंगावेगळं करायचं नाही. सभ्य माणूस सूट घालतो तसं ते अंगावर वागवायचं. काढायचं तर खोलीचं दार लावून, एकटं असताना.

याचा आदर्श म्हणून तो वडिलांची आवडती गोष्ट सांगतो. ती घडते हिंदुस्थानात. मालकासोबत इकडे आलेला एक इंग्लिश बटलर रात्रीच्या जेवणाआधी जेवणघरात डोकावतो, तर टेबलाखाली वाघ पहुडलेला. बटलर आवाज न करता दार ओढून घेतो, दिवाणखान्यात पाहुण्यांसोबत चहा घेत बसलेल्या मालकाकडे जातो, हलकेच खाकरतो आणि कानाशी लागून सांगतो की जेवणघरात वाघ आहे, बंदूक वापरायची परवानगी असावी. तीन बार ऐकू येतात. थोड्या वेळाने तोच बटलर चहाची किटली भरायला येतो आणि सांगतो की जेवण नेहमीच्या वेळी मिळेल आणि घडल्या प्रकाराची कसलीही खूण तोवर उरलेली नसेल.

गोष्ट मजेशीर आहे, आणि आपण ज्या देशात बसून ती वाचतो तिथलीच असल्यामुळे जरा जास्तच. साहेबाच्या बंगल्यात वाघ येतो, साहेबाचा माणूस तो निपटतो, चहात खंड पडत नाही. त्या घरात इतर नोकर असतीलच, म्हणजे इथलेच. गोष्टीत ते कुठे नाहीत. स्टीव्हन्सच्या मते खरे बटलर फक्त इंग्लंडात होतात, बाकीच्यांकडे नुसते नोकर. आब ही त्याच्या लेखी एका देशाची, एका वर्गाची मिरास आहे, आणि त्या वर्गात तो स्वतः नाही, हे त्याला खटकत नाही.

पण गोष्टीतला शेवटचा भाग नीट बघा. शिकारीचं कौतुक त्यात गौण आहे. खूण उरली नाही, याचं कौतुक आहे. स्टीव्हन्सने सबंध आयुष्य हेच काम केलं. घरात जे काही झालं त्याचे डाग जेवणाच्या वेळेआधी पुसायचे.

वडील हेच त्याचे गुरू. तेही नामांकित बटलर होते. म्हातारपणी स्टीव्हन्सच्याच हाताखाली, डार्लिंग्टन हॉलमध्ये कामाला लागले. बापलेकांचं बोलणं कसं चालतं पाहा. एका सकाळी कामं कमी करायची बातमी सांगायला स्टीव्हन्स त्यांच्या खोलीत जातो. वडील दाढी करून, पूर्ण पोशाखात बसलेले. मुलगा म्हणतो, “वडील उठून तयार असणार हे मला कळायला हवं होतं.” समोरासमोर उभं राहून तो बापाशी असं परक्यासारखं, तिसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं बोलतो. मग सांगतो की वडिलांनी यापुढे पंगतीला वाढू नये. वडील एवढंच म्हणतात की गेली ५४ वर्षं मी रोज वाढतोय. कारण असं की काही दिवसांपूर्वी बागेत ट्रे घेऊन जाताना ते पायऱ्यांवर पडले होते. पुढे एका संध्याकाळी स्टीव्हन्स आणि मिस केंटन खिडकीतून बघतात तर म्हातारा त्या पायऱ्यांवरून खाली-वर चालतोय, नजर जमिनीवर, जणू काही मौल्यवान वस्तू तिथे हरवली आहे. ही उपमा मिस केंटनच्या पत्रातली, स्टीव्हन्सने उसनी घेतलेली. स्वतःच्या बापाबद्दलचं सगळ्यात हळवं वाक्य त्याला दुसऱ्याकडून घ्यावं लागतं.

परिषदेच्या वेळी वडील कोसळतात. शुद्धीत असताना मुलाला म्हणतात, मी तुला चांगला बाप ठरलो असेन अशी आशा आहे. मुलगा म्हणतो, तब्येत सुधारतेय याचा आनंद वाटला. वडील म्हणतात, तू चांगला मुलगा आहेस, मला तुझा अभिमान वाटतो. मुलगा म्हणतो, आता फार घाई आहे, सकाळी बोलू. नंतर वडील गेल्याचं मिस केंटन सांगते तेव्हा तो वर जात नाही. वडिलांचीही इच्छा मी काम चालू ठेवावं अशीच असती, असं म्हणतो. मिस केंटन विचारते, त्यांचे डोळे मी मिटू का? डॉक्टर येतात. स्टीव्हन्स त्यांना द्युपाँ साहेबांचे पाय दाखवायला नेतो.

त्या रात्रीकडे मागे वळून बघताना स्टीव्हन्सला काय वाटतं? मोठ्या विजयाची भावना. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, राग येणं ठीक, पण वडिलांनीच घालून दिलेल्या परीक्षेत तो त्या रात्री पास झाला होता. वडिलांवरचं प्रेम दाखवायचा एवढाच मार्ग त्याला शिकवला गेला होता.

दारामागचं रडणं

मिस केंटनचं प्रकरण लोकांना जास्त लक्षात राहतं, सिनेमामुळे तर फारच. ती त्याच्या खोलीत फुलं घेऊन येते. तो फुलं नाकारतो. रोज रात्री कामाचं बोलायला दोघं तिच्या खोलीत कोको घेत बसतात, आणि हे अगदी कामापुरतं होतं याची तो आपल्याला ग्वाही देतो. एकदा ती त्याच्या हातातलं पुस्तक बघायला येते, तो दाखवत नाही, ती त्याची बोटं एकेक करून सोडवते. निघते एक प्रेमकथा. लगेच स्टीव्हन्सचा खुलासा: अशी पुस्तकं मी इंग्रजी भाषा सुधारावी म्हणून वाचतो. त्या मिनिटभरात दोघं किती जवळ उभी होती, वातावरण कसं एकदम बदललं, हेही तो लिहितो, पण पुढच्याच परिच्छेदात पुन्हा व्यावसायिक शिस्तीवर येतो.

मला या कादंबरीतली सगळ्यात चतुर जागा मात्र दुसरीच वाटते. स्टीव्हन्सला एक चित्र आठवतं: मागच्या बोळात, मिस केंटनच्या बंद दारासमोर तो उभा आहे आणि आत ती रडतेय याची त्याला खात्री आहे. तो सांगतो, तिला मावशी वारल्याचं पत्र आलं त्या दिवसाची ही आठवण. मावशी म्हणजे तिची जवळजवळ आईच. स्टीव्हन्स तिला सांत्वनाचा शब्द बोलायला विसरला होता. तो बोलायला म्हणून परत जातो आणि प्रत्यक्षात नव्या मोलकरणींच्या कामातल्या चुका काढून येतो.

काही पानांनंतर त्याला शंका येते. माझी गल्लत झाली असावी, म्हणतो. ही आठवण त्या दिवसाची नाही, काही महिन्यांनंतरच्या एका रात्रीची आहे. आणि ती रात्र म्हणजे मिस केंटनने मिस्टर बेनची मागणी स्वीकारली ती. ती त्याला सांगते, तो अभिनंदन करतो. ती चिडून सांगते की आम्ही दोघं तुमच्या सवयींची टिंगल करतो, जेवणावर मिरपूड घालताना तुम्ही नाक चिमटीत धरता ती नक्कल तर फारच रंगते. तोही कमाल करतो, म्हणतो, असं होय, आणि वर पाहुण्यांकडे जायची घाई करतो. थोड्या वेळाने ट्रे घेऊन जाताना तिच्या दाराच्या फटीतून उजेड दिसतो. तो थांबतो. आत ती रडतेय, हे त्याला ठाऊक आहे. मग तो वर जातो.

आता गल्लतीकडे पुन्हा बघा. मावशीच्या मृत्यूमुळे ती रडत असेल तर त्याचा दोष नाही. त्याच्यामुळे रडत असेल तर आहे. इशिगुरो कुठेही म्हणत नाहीत की स्टीव्हन्स खोटं बोलतोय. आठवणीला ते नुसती चुकीच्या तारखेखाली ठेवतात आणि मग निवेदकाकडूनच ती सरकवून घेतात. मन स्वतःला वाचवतं कसं, हे इतक्या कमी हालचालीत दाखवलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय.

तशीच दुसरी जागा अनुक्रमणिकेत आहे. पुस्तकाची प्रकरणं दिवसांनुसार आहेत: पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा, चौथा. चौथ्या दिवशी दुपारी तो लिटल कॉम्प्टनमध्ये हॉटेलात बसलाय, मिस केंटनला भेटायची वेळ होत आली आहे. पान उलटावं तर सहावा दिवस, वेमथ हे समुद्रकाठचं गाव, संध्याकाळ. पाचवा दिवस पुस्तकात नाही. भेट झाली, आणि त्यानंतर दोन दिवस हा माणूस एक ओळ लिहू शकला नाही. काय झालं ते आपल्याला उशिरा कळतं: बसची वाट बघत असताना तिने सांगितलं की कधी कधी तुमच्यासोबत जे आयुष्य घडू शकलं असतं त्याचा विचार मनात येतो. आणि इथे, सबंध पुस्तकात प्रथमच, स्टीव्हन्स सरळ लिहितो की त्या क्षणी माझं काळीज फाटत होतं. तिला मात्र हसून सांगतो, अगदी बरोबर बोललात मिसेस बेन, आता घड्याळाचे काटे मागे फिरवून उपयोग नाही.

या एका वाक्याबद्दल इशिगुरोंनी नोबेलच्या भाषणात सांगितलं आहे. कादंबरी पूर्ण झाली असं वाटत असताना त्यांनी टॉम वेट्सचं ‘रुबीज आर्म्स’ हे गाणं ऐकलं. रांगड्या गळ्याचा गायक, कसलेला पुरुष, आणि गाताना एका ठिकाणी तो मोडतो. ते ऐकून त्यांनी ठरवलं की स्टीव्हन्सच्या चिलखताला एकदा तरी तडा जाऊ द्यायचा.

नुसती प्रेमकथा समजलात तर अर्धं पुस्तक हातचं जातं

स्टीव्हन्सने ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते लॉर्ड डार्लिंग्टन कोण? काल्पनिक पात्र, पण काळ खरा. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर जबर दंड आणि अटी लादल्या. शत्रू हरला की त्याला लाथा घालायच्या नसतात, अशा जुन्या खानदानी समजुतीतून डार्लिंग्टन जर्मनीची बाजू घेऊ लागतात. १९२३ ची परिषद त्यासाठीच. तिथे एक अमेरिकन सिनेटर तोंडावर सांगतो की तुम्ही सगळे सज्जन आहात पण हौशी आहात, जगाचा कारभार आता हौशी लोकांचा राहिलेला नाही. तेव्हा तो उद्धट वाटतो. १९३० च्या दशकात तीच सज्जन माणसं हिटलरच्या उपयोगी पडू लागतात. हवेलीत रिबेनट्रॉप येऊन जातो. हा माणूस खराखुरा होता, १९३६ पासून लंडनमध्ये हिटलरचा राजदूत, नंतर परराष्ट्रमंत्री, १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर फाशी गेलेला. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटायला येतात तेव्हा हवेलीतली चांदीची भांडी बघून खूश होतात आणि भेटीतला ताण सैल होतो. आपल्या पॉलिशने इतिहासाला हातभार लावला, याचा स्टीव्हन्सला अभिमान आहे. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात हा विनोद झाला असता. इथे अंगावर काटा येतो, कारण हातभार लागला हे खरंच आहे.

१९३२ मध्ये डार्लिंग्टन हुकूम देतात की रूथ आणि सारा या दोन मोलकरणी ज्यू आहेत, त्यांना काढून टाक. स्टीव्हन्स मिस केंटनला हे कोकोच्या वेळी, वेळापत्रकातली दुरुस्ती सांगावी तसं सांगतो. ती संतापते, त्या गेल्या तर मीही जाईन म्हणते. तो म्हणतो, असल्या बाबतीत मत बनवायची आपली पात्रता नाही. मुली जातात. मिस केंटन राहते. का राहिले ते ती नंतर स्वतः सांगते: जायला घर नव्हतं, भ्याले. वर्ष उलटून गेल्यावर मालकांना पश्चात्ताप होतो आणि मगच स्टीव्हन्स तिला म्हणतो की तेव्हा मलाही फार वाईट वाटलं होतं. ती विचारते, मग तेव्हा का नाही बोललात? तुम्हाला नेहमी हे सोंग का घ्यावं लागतं?

या पुस्तकाबद्दल मला काही म्हणायचं असेल तर ते इथेच. लोक म्हणतात, स्टीव्हन्सचं प्रेम हुकलं कारण तो भावना दाबायचा, आणि राजकारण ही मागची रंगवलेली भिंत. माझ्या मते दोन्ही एकच गोष्ट आहे. “वाईट वाटलं” हे तो बाईला सांगू शकत नाही आणि “हे चूक आहे” हे मालकाला सांगू शकत नाही, कारण दोन्ही वेळी त्याला स्वतःच्या नावावर काहीतरी उभं करावं लागलं असतं. आब सांभाळणं हे त्याला जबाबदारीतून सुटायचं साधन मिळालं, आणि तेही असं की सुटताना वर अभिमान वाटावा. भित्रेपणा शिस्तीच्या पोशाखात आला की तो ओळखणं अवघड जातं, विशेषतः ज्याने पोशाख घातलाय त्याला.

इशिगुरोंनी मुलाखतींतून बटलरबद्दल हेच सांगितलं आहे: आपण बहुतेक जण बटलर आहोत. देश चालवणं आपल्या हातात नसतं. आपण एक छोटं काम नीट शिकतो, ते वर कुणालातरी देतो आणि त्याचा उपयोग बरा होत असेल अशी आशा धरतो.

याचं उत्तरही पुस्तकातच आहे, आणि ते एका खेडवळाच्या तोंडी आहे. तिसऱ्या दिवशी पेट्रोल संपून स्टीव्हन्स मॉस्कम या डेव्हनमधल्या गावात अडकतो. गावकरी त्याच्या कपड्यांवरून त्याला बडा साहेब समजतात आणि तो समजू देतो. चर्चिल, ईडन यांच्यासारखे ब्रिटिश नेते भेटल्याचंही सांगतो. हॅरी स्मिथ नावाचा गावकरी वाद घालतो की आब ही साहेब लोकांची मालकी नाही. हिटलरशी आपण लढलो ते यासाठीच, की प्रत्येकाला मत असावं आणि ते बोलता यावं. स्टीव्हन्स मनातल्या मनात त्याला मोडीत काढतो. लगेच त्याला आठवतं की एका रात्री मालकाच्या पाहुण्याने मौजेखातर त्याला चलन, कर्ज, परराष्ट्र धोरण यांवर प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येकाला तो म्हणाला होता, माफ करा सर, याबाबत मी मदत करू शकत नाही. पाहुण्याला दाखवायचं होतं की अशा लोकांना मताधिकार देणं मूर्खपणा आहे. स्टीव्हन्सच्या मते त्यात अपमान असा काही नव्हता.

तरी एक गोष्ट त्याचा घात करते. या प्रवासात आणि त्याआधीही लोक विचारतात, तुम्ही त्या लॉर्ड डार्लिंग्टनकडे होतात का? तो नाही म्हणतो. दोनदा. नंतर त्याची लांबलचक कारणं देतो. ज्या मालकाच्या थोरवीवर याची स्वतःची थोरवी उभी आहे, त्याचं नाव घ्यायची त्याला लाज वाटते. युद्धानंतर डार्लिंग्टन बदनाम होऊन, मोडून मेले. आणि १९५६ चा जुलैही लेखकाने उगाच निवडलेला नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेला इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि वर्ष संपायच्या आत ब्रिटनचा साम्राज्याचा तोरा उतरला. कादंबरीत सुएझचा उल्लेखही नाही. स्टीव्हन्सच्या सवयीला ते धरूनच आहे.

लेखकाबद्दल थोडंसं. इशिगुरोंचा जन्म १९५४ चा, नागासाकीतला. पाच वर्षांचे असताना वडिलांच्या कामामुळे कुटुंब इंग्लंडमध्ये आलं आणि तिथलंच झालं. पहिल्या दोन कादंबऱ्या जपानी माणसांबद्दल. दुसरीत युद्धाच्या काळात साम्राज्याची तळी उचलणारा चित्रकार म्हातारपणी स्वतःचं समर्थन करत बसलाय. तोच सांगाडा इथे बटलरला मिळाला. या कादंबरीचा पहिला खर्डा त्यांनी १९८७ च्या उन्हाळ्यात चार आठवडे भेटीगाठी, फोन, पत्रं सगळं बंद करून झपाट्याने लिहून काढला. १९८९ मध्ये पुस्तक आलं, त्याच वर्षी बुकर मिळालं, २०१७ मध्ये लेखकाला नोबेल. जपानी संयम, इंग्रजी संयम वगैरे तुलना समीक्षकांनी भरपूर केल्या. त्यातून फार हाती लागत नाही.

सिनेमा १९९३ चा. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, पटकथा रूथ प्रॉवर झाबवाला यांची, निर्मात्यांमध्ये इस्माइल मर्चंट, जन्माने मुंबईचे, सेंट झेवियर्सचे विद्यार्थी. अँथनी हॉपकिन्स आणि एमा थॉम्पसन दोघंही अप्रतिम आहेत. ऑस्करची आठ नामांकनं, पुरस्कार एकही नाही. पण सिनेमात कॅमेरा स्टीव्हन्सच्या बाहेर उभा असतो. हॉपकिन्सचा चेहरा आपल्याला ताबडतोब सांगतो की आत काय चाललंय. पुस्तकात चेहरा दिसत नाही, फक्त चेहऱ्यामागून येणारं सफाईदार बोलणं ऐकू येतं, म्हणून शोधायचं काम वाचकावर पडतं. सिनेमा आधी पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. उलट क्रमाने मजा जास्त.

राहिला शेवट, ज्यावर वाचकांचं एकमत होत नाही. वेमथच्या धक्क्यावर संध्याकाळचे दिवे लागायची वाट बघत स्टीव्हन्स एका अनोळखी म्हाताऱ्याशेजारी बसतो. तोही कधी काळी एका लहान घरात बटलर होता. त्याच्याजवळ स्टीव्हन्स मोकळा होतो: लॉर्ड डार्लिंग्टन निदान म्हणू शकले की चूक माझी होती, मला तेवढंही म्हणता येत नाही, मी नुसता विश्वास ठेवला, यात कसला आब आला? म्हातारा त्याच्यापुढे रुमाल करतो. पुन्हा तेच, रडणं दुसऱ्याच्या कृतीतून कळतं. म्हातारा सांगतो, मागे बघत बसू नका, संध्याकाळ हा दिवसाचा सगळ्यात चांगला भाग. मग स्टीव्हन्स आजूबाजूला थट्टामस्करी करणारे लोक बघतो आणि ठरवतो की परत गेल्यावर थट्टा करायचा सराव करायचा. फॅराडे साहेबांना थट्टा आवडते.

काहींना यात आशा दिसते. हा माणूस अखेर माणसांच्या उबेकडे वळतोय, असं ते म्हणतात. तशी एक ओळ आहेही, थट्टेत माणसं जवळ येत असतील असं काहीतरी त्याला वाटून जातं. मला तेवढी खात्री वाटत नाही. थट्टा शिकायची ती मालकासाठी, सराव करून, कामातलं नवीन कौशल्य म्हणून. काही मिनिटांपूर्वी आयुष्याचा हिशेब मांडून रडलेला माणूस पुन्हा नोकरीच्या अटींवरच विचार करू लागलाय, फक्त आता मालक अमेरिकन आहे.